रंग वेगळे करणारा माणूस : मिखाईल त्स्वेत



आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथच्या दिवशी घाण्याला हात लावीत नसत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, हे आपल्यातील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. त्या काळी तेलाची पारख नाकाने आणि जिभेने होई. खोबरेलात दुसरे तेल मिसळले आहे की काय, हे जुनी माणसे दोन बोटांत थेंब चोळून सांगत. आज ते काम प्रयोगशाळेतले एक यंत्र करते. त्याचे नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. आमची एक पुतणी अशा यंत्रावर काम करते. एकदा तिच्यापाशी बसून आम्ही ते यंत्र पाहिले, आणि ज्याच्यामुळे ते जगात आले त्या माणसाचे चरित्र आपल्या पानांत यावे असे वाटले. यंत्राची माहिती शेवटी देऊ. आधी माणूस.

क्रोमॅटोग्राफी या शब्दाला मराठीत वर्णलेखन असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही तोच, रंगाने लिहिणे. आमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत हा प्रयोग केलेला असेल. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्यावयाचा, पट्टीचे टोक पाण्यात बुडवावयाचे आणि थांबावयाचे. पाणी वर चढते, आणि काळ्या शाईतून निळा, तांबडा, पिवळा असे रंग एकामागून एक वेगळे होतात. एकजीव वाटणारी वस्तू मुळात मिश्रण होती हे मुलांना डोळ्यांनी दिसते. या पद्धतीला शास्त्राचे रूप देणारे आणि तिला नाव देणारे गृहस्थ म्हणजे मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत. गंमत अशी की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थच रंग असा आहे.

त्यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील सेम्योन हे रशियन सरकारी अधिकारी. आई मारिया इटालियन वंशाची. आईवडील प्रवासात असताना हे मूल जन्मले आणि थोड्याच दिवसांत आई वारली. वडिलांना नोकरीसाठी रशियात परत जाणे भाग होते. तान्हे मूल दाईच्या हाती स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. पुढे जिनिव्हात शिक्षण झाले. म्हणजे जन्म एका देशात, बालपण दुसऱ्यात आणि बापाची भाषा तिसऱ्याच देशाची. अशी मुले आपल्या समाजात आता घरोघर आहेत, म्हणून हे तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत.

जिनिव्हा विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९६ साली वनस्पतीच्या पेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. वय चोवीस. त्याच वर्षी ते वडिलांच्या देशात, रशियात गेले. तेथे त्यांना पहिला धक्का बसला. रशियातील विद्यापीठांत अध्यापक व्हावयाचे तर रशियन पदवी पाहिजे. जिनिव्हाची डॉक्टरेट तेथे चालत नव्हती. युरोपातील एका नामांकित विद्यापीठाचा डॉक्टर पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर येऊन बसला.

परदेशातून पदवी घेऊन आलेल्या माणसाला येथे काय काय सोसावे लागते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. मुंबईचे प्रमाणपत्र हातात धरून दाराबाहेर बसण्याची वेळ आमच्यावरही आली होती. आपल्या समाजाला तर आपण कोण हेच १९६४ सालापर्यंत पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले. त्स्वेत ज्यू नव्हते. तरी त्यांचे हे दिवस वाचताना ते परके वाटत नाहीत.

त्यांनी तक्रारीत वेळ घालविला नाही. सेंट पीटर्सबर्ग येथे एका प्रयोगशाळेत काम केले, स्त्रियांच्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकविले आणि जोडीला नवीन प्रबंधाची तयारी केली. १९०१ साली कझान विद्यापीठाने त्यांना मॅजिस्टर ही रशियन पदवी दिली. विषय होता पानातील हरितकणांची रचना. ही पाच वर्षे वाया गेली असे वरवर वाटते, पण ज्या प्रश्नातून वर्णलेखन जन्मले तो प्रश्न त्यांना याच काळात भेटला.

तो प्रश्न असा. हिरव्या पानात हरितद्रव्य असते, म्हणजे क्लोरोफिल. त्याच्या सोबतीला पिवळी नारिंगी द्रव्येही असतात. ही सारी पेट्रोलियम ईथर नावाच्या पातळ द्रवात विरघळतात. परंतु ताजे पान कुटून त्यात हा द्रव ओतला तर फक्त कॅरोटीन हे नारिंगी द्रव्य बाहेर येते. हिरवा रंग पानातच राहतो. द्रवात थोडे अल्कोहोल घातले की मग सर्व रंग बाहेर पडतात. एकदा बाहेर पडलेला हिरवा रंग पुढे साध्या पेट्रोलियम ईथरमध्येही विरघळून राहतो. मग आधी तो का निघाला नाही?

इतरांनी याचे कारण हरितद्रव्याच्या रासायनिक घडणीत शोधले. त्स्वेत यांनी निराळा तर्क केला. हरितद्रव्याला पानाचे तंतू धरून ठेवीत असले पाहिजेत. आपण हळदीचा डाग पाहतो ना, हळद पाण्याने भांड्यावरून निघते, पण सुती कापडावरून निघत नाही. कापड तिला धरते. तर्क खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी गाळण्याचा कागद हरितद्रव्याच्या द्रावणात भिजवून वाळविला आणि पानाऐवजी तो वापरला. कागदाने पानासारखेच वर्तन केले. कॅरोटीन सोडले, हरितद्रव्य धरून ठेवले. कागदात जिवंत पेशी नाही, तेव्हा हे पानाचे गूढ नसून पृष्ठभागाला चिकटण्याचा साधा धर्म आहे, हे सिद्ध झाले.

येथपर्यंत कोणी हुशार माणूस आला असता. पुढचे पाऊल त्स्वेत यांचे. प्रत्येक द्रव्य जर कमीजास्त जोराने चिकटत असेल, तर त्या कमीजास्तपणाचाच उपयोग करून द्रव्ये वेगळी करता येतील. १९०२ साली ते वॉर्सा विद्यापीठात रुजू झाले. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. तेथे त्यांनी शंभराहून अधिक चूर्णे एकामागून एक तपासली आणि मार्च १९०३ मध्ये वॉर्साच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या मंडळापुढे आपली पद्धत मांडली.

पद्धत ऐकावयास अगदी सोपी. दोन-तीन मिलिमीटर रुंदीची काचेची बारीक नळी घ्यावयाची. तिच्यात खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, कोरडी बारीक पूड घट्ट व सारखी भरावयाची. वरून पानाचा हिरवा अर्क थोडासा ओतावयाचा. मग स्वच्छ द्रव ओतत राहावयाचे. द्रव खाली जाताना रंगांना आपल्याबरोबर ओढतो, खडू त्यांना मागे धरतो. ज्याची पकड सैल ते पुढे जाते, ज्याची घट्ट ते मागे राहते. कॅरोटीन सर्वांत आधी खाली निघून जाते. त्याच्या मागे पांढऱ्या खडूवर पिवळे, निळसर हिरवे, पिवळसर हिरवे असे पट्टे उमटतात. हिरवे पट्टे दोन निघाले. म्हणजे हरितद्रव्य एक नसून दोन आहेत, हे त्या नळीने दाखविले. आज त्यांना क्लोरोफिल ए व क्लोरोफिल बी म्हणतात. पिवळी द्रव्येही एकाहून अधिक निघाली.

आम्ही आयुष्यभर खडू हातात धरला, पण खडूला असेही लिहिता येते हे आम्हाला फार उशिरा कळले.

१९०६ साली जर्मन वनस्पतिशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्स्वेत यांचे दोन लेख आले. त्यांत त्यांनी पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले, कृती बारकाईने सांगितली आणि रंगहीन पदार्थांनाही हाच नियम लागू आहे हे नोंदविले. या शेवटच्या मुद्द्याचे मोल पुढे कळेल. १९०७ साली त्यांचे लग्न हेलेना त्रुसिएविच यांच्याशी झाले. त्याच वर्षी बर्लिनला जाऊन त्यांनी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांना रंगीत पट्ट्यांच्या नळ्या प्रत्यक्ष दाखविल्या. १९०८ पासून ते वॉर्साच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. १९१० साली वनस्पती व प्राणी यांतील रंगद्रव्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांना वॉर्सा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, म्हणजे पहिली मिळाल्यावर चौदा वर्षांनी दुसरी. १९११ साली विज्ञान अकादमीचे पारितोषिकही मिळाले.

इतके असून युरोपातील मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी या पद्धतीला जवळ केले नाही. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण माणसाचे. त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. रसायनशास्त्रात तेव्हाचा दंडक असा, की पदार्थ शुद्ध करून त्याचे स्फटिक हातात घ्यावे, तरच त्याचे अस्तित्व मान्य. नळीतला पट्टा म्हणजे पुरावा नव्हे. क्राकोचे रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की यांच्याशी नियतकालिकांतून त्यांची कडवट चकमक झाली. त्स्वेत यांची लेखणीही मवाळ नव्हती. मोठ्यांच्या चुका ते स्पष्ट शब्दांत दाखवीत, आणि त्यामुळे मित्र वाढले नाहीत.

दुसरे कारण भाषेचे. मोठा ग्रंथ रशियन भाषेत लिहिलेला. पश्चिम युरोपात तो वाचणारे थोडे. ज्या भाषेचे वाचक थोडे, त्या भाषेत लिहिलेले चांगले कामही कपाटात राहते, हे मराठी पानांच्या वाचकांना कोणी समजावून सांगावयास नको.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्यात आपल्या लोकांपैकी एक थोर माणूस आहे. रिशार्ड विलश्टेटर. जन्म १८७२, म्हणजे त्स्वेत यांच्याच वयाचे. कार्ल्सरूहे येथील ज्यू घराण्यातले. हरितद्रव्याच्या संशोधनासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी व त्यांचे सहकारी श्टोल यांनी त्स्वेत यांची पद्धत तपासली होती. १९१३ सालच्या त्यांच्या ग्रंथात असे आले की नळीतून जाताना हरितद्रव्यात बदल घडतो, म्हणून ही पद्धत भरवशाची नाही. एवढ्या मोठ्या माणसाने असे म्हटल्यावर बाकीच्यांनी नळी हातात घेतलीच नाही.

आता गंमत पाहा. चूर्ण सौम्य पाहिजे, कडक चूर्ण नाजूक पदार्थाला मोडते, ही सूचना त्स्वेत यांनी स्वतःच दिलेली होती. शंभरावर चूर्णे तपासून त्यांनी खडू, साखर व इन्युलिन यांसारखी मवाळ चूर्णे निवडली ती याचसाठी. पुढे इतिहासकारांनी असा निष्कर्ष काढला आहे की विलश्टेटर यांच्या प्रयोगात चूर्णाची निवड कठोर झाली असावी. म्हणजे दोष पद्धतीचा नव्हता, ती राबविण्याचा होता. पण बोल पद्धतीवर आला आणि पद्धत काढणाऱ्यावर आला.

त्स्वेत यांना हे निस्तरावयास वेळ मिळाला नाही. १९१५ साली जर्मन सैन्य वॉर्साजवळ आले. संस्था हलली, आणि त्स्वेत घर, पुस्तके व प्रयोगशाळा मागे टाकून आधी मॉस्कोस व नंतर निझनी नोवगोरोद येथे गेले. प्रकृती ढासळू लागली होती. १९१७ साली त्यांची युर्येव येथे प्राध्यापक म्हणून निवड झाली. हे गाव आज एस्टोनियात असून त्याचे नाव तार्तू आहे. विद्यापीठ मिळाले, वनस्पती उद्यानही मिळाले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हे पहिले पक्के स्थान. काही महिन्यांतच, १९१८ च्या प्रारंभी, जर्मन सैन्य तेथेही पोहोचले. पुन्हा गाठोडे बांधून ते विद्यापीठातील इतर रशियन अध्यापकांबरोबर व्होरोनेझ येथे गेले. यादवी युद्ध चालू होते. २६ जून १९१९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. वय सत्तेचाळीस.

१९१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी हॉलंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान विसेलिंग यांनी त्यांचे नाव सुचविले होते. ते पारितोषिक जाहीर झाले नोव्हेंबर १९१९ मध्ये, आणि मिळाले फ्रिट्झ हाबर यांना. तोपर्यंत त्स्वेत यांना जाऊन काही महिने झाले होते.

येथे चरित्र संपावयाचे, पण ते संपले नाही. अमेरिकेत पामर नावाच्या दुग्धशास्त्रज्ञाने दूध व लोणी यांतील पिवळ्या रंगाच्या अभ्यासात ही पद्धत वापरली होती. असे मोजके अपवाद सोडता दहा-बारा वर्षे ती बाजूला पडून होती. पण ज्या विलश्टेटर यांनी पद्धत नाकारली, त्यांनीच त्स्वेत यांच्या रशियन ग्रंथाचा जर्मन अनुवाद स्वतःसाठी करवून घेतला होता. तो टंकलिखित गठ्ठा त्यांनी आपले विद्यार्थी रिशार्ड कून यांना दिला. कून यांनी हायडेलबर्ग येथे तो आपल्याकडे काम करणाऱ्या एका तरुणाच्या हाती ठेवला. तो तरुण म्हणजे एडगर लेडेरर, व्हिएन्नाचा ज्यू मुलगा, जन्म १९०८. लेडेरर यांनी ग्रंथ नुसता चाळला नाही. त्यात सांगितल्याप्रमाणे शब्दशः केले. खडूची पूड भरली आणि अंड्याच्या पिवळ्या बलकातील रंगद्रव्ये वेगळी केली. कॅरोटीन हे एक द्रव्य नसून त्याचे निरनिराळे प्रकार आहेत हेही त्यांनी याच पद्धतीने दाखविले. १९३१ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि दोन-चार वर्षांत युरोपभर प्रयोगशाळांतून नळ्या उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास या मंडळींवर काय ओढवले तेही सांगितले पाहिजे. विलश्टेटर यांनी म्युनिक विद्यापीठातील ज्यूद्वेषाचा निषेध म्हणून १९२४ सालीच आपल्या पदाचा राजीनामा दिला होता. १९३९ साली त्यांना स्वित्झर्लंडमध्ये पळून जावे लागले आणि १९४२ साली तेथेच ते वारले. लेडेरर यांना १९३३ साली जर्मनी सोडून फ्रान्सला जावे लागले. ज्याने दुसऱ्याच्या नळीला अमान्य ठरविले, त्याच्या नोबेल पदकालाही त्याच्या देशाने शेवटी मानले नाही. आम्ही हे कोणाला हिणविण्यासाठी लिहीत नाही. विलश्टेटर यांचा थोरपणा यातही दिसतो की न पटलेले पुस्तक त्यांनी फेकले नाही, अनुवाद करून जपले आणि पुढच्या पिढीला दिले. तेवढ्याने एक शास्त्र वाचले.

पुढची वाट थोडक्यात सांगतो. १९४१ साली इंग्लंडमधील लीड्स येथे लोकरीवर संशोधन करणारे मार्टिन व सिंज यांनी वर्णलेखनाचा नवा प्रकार काढला. त्याच लेखात त्यांनी सुचविले की द्रवाऐवजी वायू वाहू दिला तरी चालेल. ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे एरिका क्रेमर या विदुषी व त्यांचे विद्यार्थी फ्रिट्झ प्रायर यांनी वायूवर चालणारे साधन महायुद्धानंतरच्या मोडक्यातोडक्या परिस्थितीत बांधले. १९५२ साली मार्टिन व जेम्स यांनी वायू वापरून मेदाम्ले वेगळी करून दाखविली, आणि त्याच वर्षी मार्टिन व सिंज यांना आधीच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या इस्रायलचाही यात हिस्सा आहे. रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत इमॅन्युएल गिल-आव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली उजव्या-डाव्या हातासारखे, एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असणारे रेणू गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळे केले. रंगहीन पदार्थांनाही नियम लागू आहे हे त्स्वेत यांचे १९०६ चे म्हणणे येथवर पोहोचले.

आता पुतणीच्या यंत्राकडे येऊ. त्यात खडूच्या नळीऐवजी केसासारखी बारीक नळी असते. लांबी तीस मीटर, आतील पोकळी पाव मिलिमीटर. ती वेटोळे करून एका भट्टीत ठेवलेली असते. आतून तिला एका द्रवाचा अत्यंत पातळ लेप. नमुना बारीक सुईने टोचावयाचा, तो उष्णतेने वाफ होतो, आणि हेलियम किंवा हायड्रोजन वायू त्याला नळीतून पुढे नेतो. लेप धरतो, वायू ओढतो. खडू आणि द्रव यांचीच ही झटापट. शेवटी शोधक असतो. तो प्रत्येक पदार्थ बाहेर पडताच पडद्यावर एक शिखर उमटवितो. तेल तसेच वाफ होत नाही, म्हणून त्यातील मेदाम्लांचे आधी मेथिल एस्टर करून घेतात. मग खोबरेलात लॉरिक आम्लाचे शिखर सर्वांत मोठे दिसते. पारंपरिक मोहरीच्या तेलात एरुसिक आम्लाचे दिसते. शेंगदाण्याच्या तेलात काही लांब साखळीची आम्ले थोडी थोडी दिसतात. खोबरेलाच्या पडद्यावर नको ते शिखर उमटले की भेसळ कळते.

यंत्र महाग आहे, वायू महाग आहे, आणि नमुन्यांची रांग लागलेली असते. तेव्हा काम लवकर उरकावे असे कोणालाही वाटेल. पण घाईत यंत्र खोटे बोलते, असा पुतणीचा अनुभव आहे. तिने जे नियम सांगितले ते ऐकताना आम्हाला १९०६ च्या लेखांची आठवण झाली.

नमुना थोडा टोचावा व एका झटक्यात टोचावा, म्हणजे सुरुवातीचा पट्टा अरुंद राहतो. रुंद सुरू झालेला पट्टा पुढे रुंदच होत जातो. त्स्वेत यांनी अर्क थोडा ओता म्हटले ते याचसाठी. वायूचा वेग फार मंद नको, कारण पट्टे पसरतात. फार जोराचाही नको, कारण पदार्थांना लेपाशी देवघेव करावयास वेळ मिळत नाही. मधला योग्य वेग काढण्याचे सूत्र व्हान डीम्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दिले. ज्यांना वेळ वाचवावयाचा आहे त्यांना हायड्रोजन बरा, कारण वेग वाढविला तरी त्यात वेगळेपणा फारसा बिघडत नाही. मात्र गळतीची तपासणी कसोशीने करावी लागते, कारण तो पेट घेतो. भट्टी आधी कमी तापमानावर ठेवून टप्प्याटप्प्याने तापवावी, म्हणजे हलके पदार्थ नीट वेगळे होतात आणि जड पदार्थांसाठी तासन् तास बसावे लागत नाही. एकाच नळीवर होणारे नमुने एकत्र घ्यावेत, वारंवार नळी बदलू नये. मधून मधून कोरा नमुना चालवून यंत्र स्वच्छ आहे ना ते पाहावे. भट्टी थंड झाल्याशिवाय वायू बंद करू नये. गरम नळीत हवा शिरली तर लेप जळतो, आणि महागाची नळी एका संध्याकाळीत निकामी होते.

आणि शेवटचा नियम. सुई जेथे टोचतात तेथील रबरी चकती व काचेची नळी वेळच्या वेळी बदलावी. ती घाण झाली, किंवा ती जागा गरजेपेक्षा फार तापविली, तर नाजूक पदार्थ तेथेच मोडतो, आणि नमुन्यात नसलेली वस्तू पडद्यावर दिसते. पुतणी नवीन असताना घाईमुळे एका नमुन्यावर चुकीचा शेरा मारण्याच्या ती बेतात होती. तेल चांगले होते, काचेची नळी घाण होती. तिने कोरा नमुना चालवून पाहिला म्हणून बिचारा व्यापारी वाचला.

हे ऐकले आणि १९१३ चा प्रसंग आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तेथेही पदार्थ साधनात मोडला होता, आणि शेरा भलत्यावर बसला होता. पण तेव्हा कोणी कोरा नमुना चालविला नाही. तपासणाऱ्याने आधी आपली नळी तपासली पाहिजे. शिक्षक म्हणून आम्हीही कित्येक मुलांवर शेरे मारले. त्यांपैकी किती वेळा घाण आमच्याच नळीत होती, हा विचार निवृत्तीनंतर कधी कधी झोपू देत नाही. आणि ज्यांच्यावर दुसऱ्यांनी शेरे मारले, त्या आपल्या समाजाने तर दुसऱ्याची पारख करताना हे कधी विसरू नये.

मराठीत वर्ण या शब्दाचे तीन अर्थ आहेत. रंग, अक्षर आणि जात. वर्णलेखनात पहिला अर्थ घ्यावयाचा, तिसरा नव्हे. त्स्वेत यांनी रंग वेगळे केले ते एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसविण्यासाठी नव्हे. प्रत्येकाचे खरे रूप न मोडता दिसावे म्हणून. व्होरोनेझ येथे त्यांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या दगडावर अशा अर्थाचा मजकूर कोरला आहे, की रेणूंना वेगळे करणारी आणि माणसांना एकत्र आणणारी विद्या शोधून काढण्याचे भाग्य त्यांना लाभले. चार देशांत फिरलेल्या आणि कोठेच नीट न रुजलेल्या माणसासाठी याहून चांगला लेख आम्हाला सुचला नसता.

घरी नातवंडे असतील तर येत्या सुटीत टीपकागदाची पट्टी, शाईचा ठिपका आणि पेलाभर पाणी घेऊन बसावे. पट्टी हलवू नये, घाई करू नये. रंग आपोआप वर येतात.

शालोम.